हेडफोन बदलला तरी तक्रार तीच? आधी कानाभोवतीची फट शोधा

"नवीन घेतला, तरी बाहेरचं सगळं ऐकू येतं." "बेस कुठे गेला तेच कळत नाही." "शेजारची म्हणते, तुझी गाणी मला पाठ झाली." "दोन तासांत कान दुखायला लागतात."

क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद वाट्यांच्या, हेडफोनबद्दल माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी या चारांतच फिरतात. प्रत्येकाला वाटतं, आपल्याला मिळालेलं मॉडेलच वाईट निघालं. मग तो हेडफोन कपाटात जातो, दुसरा येतो, आणि तीन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा माझ्या टेबलाशी उभी असते. माझ्या अनुभवात यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ आतल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये, नसतं आणि किमतीतही नसतं. ते कुशन आणि आपली त्वचा यांच्यामधल्या फटीत असतं.

मी ऑडिओबुकं तपासते. कानांनी केलेलं मुद्रितशोधन म्हणा ना. गाळलेला शब्द, मध्येच घेतलेला श्वास, पान उलटल्याची सळसळ, 'च'चा चुकलेला उच्चार, हे सगळं पकडायचं असतं. आठवड्यातले दोन दिवस पुणे-मुंबई गाडीत जातात, तीन दिवस बाणेरच्या एका को-वर्किंग ऑफिसात. रोज पाच-सहा तास हेडफोन डोक्यावर असतो. एवढं असूनही सुरुवातीच्या १४ महिन्यांत मी तीन हेडफोन बदलले आणि तिन्ही वेळा दोष हेडफोनलाच दिला. तिसऱ्याच्या वेळी एका रात्री चष्मा काढून, दिवा मालवून तबल्याचं सोलो वादन ऐकत पडले होते. दिवसभर पोकळ वाजणारा डग्गा एकाएकी भरून आला. हेडफोन तोच, रेकॉर्डिंग तेच. बदललं होतं एवढंच की चष्मा उशाशी होता.

फट एवढी महाग का पडते

क्लोज्ड-बॅक हेडफोनच्या वाट्या मागून बंद असतात. कुशन नीट टेकलं की कान, कुशन आणि ड्रायव्हर यांची मिळून एक चिमुकली बंद खोली तयार होते. ड्रायव्हरचा पडदा पुढे आला की त्या खोलीतली हवा दाबली जाते, मागे गेला की सैल पडते, आणि हा दाबातला चढउतार कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो. खर्जाच्या स्वरांत पडदा सावकाश हलतो. फट असली तर तेवढ्या वेळात हवा बाहेर निसटते आणि दाब तयारच होत नाही. वरच्या स्वरांत हालचाल इतकी झटपट होते की हवेला फटीपर्यंत जायला सवड मिळत नाही, त्यामुळे ते जवळजवळ तसेच ऐकू येतात. म्हणून फट असलेला हेडफोन पातळ आणि टोचरा वाजतो.

पुढचं सगळं यातूनच घडतं. बेस कमी वाटतो म्हणून आपण आवाज वाढवतो. त्याच फटीतून बाहेरची बडबड आत येते, ती दाबायला आवाज आणखी वाढवतो. आता आपला आवाज फटीतून शेजाऱ्याकडे जातो. कोणीतरी सांगतं, अधिक घट्ट बसणारा घे. तो घेतला की कान दुखतात. चारही तक्रारी झाल्या.

फट आहे का, हे दोन मिनिटांत कळतं

खर्ज सतत चालू असेल असं काहीतरी लावा. मी भजनातला पखवाज लावते, कारण कणीक लावलेल्या बाजूचा 'धुम्' चुकवता येत नाही. डग्ग्याचा घुमारा असलेला तबलाही चालेल. ढोलकी मात्र नको. तिची शाई लावलेली बाजू फार वर बोलते आणि तपासायचा खर्ज त्यात लपतो. आवाज नेहमीएवढा ठेवा. चष्मा, कानातलं, केस, सगळं ऑफिसात असतं तसंच असू द्या. आता दोन्ही वाट्यांवर तळहात ठेवून अगदी हलकेच आत दाबा, देवघराचं दार लोटावं इतकं. खर्ज लक्षात येण्याइतका वाढला तर फट होती. काहीच फरक पडला नाही तर कुशन नीट बसलेलं आहे आणि तुमची अडचण दुसरीकडे आहे. एकेक बाजू वेगळी दाबून बघा. बऱ्याच जणांची फट एकाच बाजूला असते, कारण आपलं डोकं दोन्हीकडे सारखं नसतं.

फट कुठे आहे हे शोधायचं असेल तर गाणं बंद करा आणि पंख्याखाली किंवा सुरू असलेल्या नळाशेजारी उभे राहा. कुशनच्या कडेवरून बोट फिरवत, जागोजागी किंचित दाबत जा. ज्या ठिकाणी दाबल्यावर नळाची सळसळ मंदावते, तिथे फट आहे. ती बहुतेकदा तीन जागी सापडते: चष्म्याच्या काडीपाशी, कानाच्या पाळीखाली जबड्याच्या खळग्यात, आणि कानामागे केसांची रेषा असते तिथे.

शेजाऱ्याला आवाज जातो का हे पाहताना लोक एक चूक नेहमी करतात. हेडफोन डोक्यावरून काढतात, हातात धरतात आणि म्हणतात, "बघ, केवढा आवाज येतो!" हातात धरलेल्या हेडफोनची आतली बाजू पूर्ण उघडी असते, त्यातून आवाज येणारच. खरी चाचणी तो डोक्यावर असतानाच होते. शांत खोलीत मैत्रिणीला एक हात अंतरावर बसवा आणि तिला विचारा. तिला गाण्याचे शब्द कळत असतील तर एकतर फट मोठी आहे किंवा आवाज फार आहे.

चष्मा, केस आणि कानातलं

चष्म्याची जाड, चपटी प्लॅस्टिकची काडी कुशनला उचलून धरते आणि तिच्या वर-खाली दोन त्रिकोणी बोगदे तयार होतात. उपाय पैशाचा नसेल असं आधी बघा. हेडफोन घातल्यावर चष्म्याची काडी बोटभर वर उचला, म्हणजे ती कानाच्या वरच्या टोकाला, जिथे कुशन जास्त मऊ दबतं तिथे बसेल. एवढ्यानं अर्ध्या लोकांचं काम होतं. उरलेल्यांसाठी बारीक धातूच्या काडीचा चष्मा हा सगळ्यात उपयोगी बदल आहे. मी दुसरा चष्मा मुद्दाम तसा करून घेतला आणि तो फक्त कामाच्या वेळी लावते. कुशन जितकं जाड आणि मऊ, तितकं ते काडीभोवती वळतं. पातळ, टणक कुशन काडीवर आडवं पडून राहतं. दुकानात अंगठ्यानं कुशन दाबून पाहायचं ते यासाठी.

बायकांच्या बाबतीत केसांचा आणि कानातल्यांचा विचार कोणी फारसा सांगत नाही. कुशनखाली केसांची जाड बट आली की तीही फटच. हेडफोन घालताना कानाभोवतीचे केस दोन्ही हातांनी मागे सारा आणि मगच वाट्या सोडा. अंबाडा उंच असेल तर हेडफोनची डोक्यावरची पट्टी पुढे ढकलली जाते आणि वाट्यांचा खालचा भाग उचलला जातो. त्या दिवशी अंबाडा मानेपाशी घाला किंवा वेणी. कुडीची मळसूत्राची फिरकी मानेच्या बाजूला टोचते, आणि आपल्याला वाटतं की हेडफोन घट्ट आहे. माझ्या मावशीनं "डोकं आवळतं" म्हणून परत करायला काढलेला हेडफोन फिरकी बदलल्यावर चार वर्षं वापरला. बुगडी घालणाऱ्यांनी कानावर टेकणारा ऑन-इअर प्रकार घेऊच नये. कानाला पूर्ण वेढणारा ओव्हर-इअर घ्यावा, आणि कुशनच्या आतल्या भोकात कान बुगडीसकट मावतो का हे पाहावं.

पावसाळ्यात सुटणारी कुशनं

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या हेडफोनचं कुशन बहुधा पॉलियुरेथेनच्या नकली चामड्याचं असतं. हे चामडं दमट हवेत हळूहळू विरघळत जातं: पाण्याची वाफ त्याच्या रासायनिक साखळ्या तोडते. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे दोन-तीन पावसाळे झाले की काळ्या पापुद्र्यांचा भुगा गालाला आणि कॉलरला लागायला लागतो. हेडफोन वापरलात काय किंवा डब्यात ठेवलात काय, हे होतंच. पण पापुद्रे दिसण्याच्या बरंच आधी आतला फोम चपटा झालेला असतो आणि फट तयार झालेली असते. "पहिल्या वर्षी छान वाजत होता, आता ड्रायव्हर गेला," असं कोणी म्हटलं की मी आधी कुशन बघते. ड्रायव्हर सहजासहजी जात नाही.

सॅनिटायझरनं किंवा स्पिरिटनं कुशन पुसू नका, त्यानं चामड्याला चिरा लवकर पडतात. किंचित ओलसर मऊ कापड, मग कोरडं कापड, एवढंच. घामेजलेला हेडफोन लगेच बंद डब्यात घालू नका. अर्धा तास पंख्याखाली ठेवा, मग डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

कुशन बदलून मिळतात ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. खरेदी करतानाच विचारा, की या मॉडेलचं कुशन सुटं मिळतं का. न मिळणारा हेडफोन कितीही स्वस्त असला तरी आपल्या हवेत तो दोन-तीन वर्षांचा पाहुणा. बदली कुशन घेताना जाडी आणि भोकाचा आकार मूळच्यासारखा घ्या. फार जाड घेतलं तर ड्रायव्हर कानापासून लांब जातो आणि आवाजाचा तोल बदलतो. मखमली कुशन उन्हाळ्यात सुखाचं असतं, पण त्यातून हवा जाते, म्हणून बाहेरचा आवाज थोडा जास्त येतो. कुशनवर सुती खोळ चढवली तरी तेच होतं. ऑफिसला एसी असेल तर मी चामडंच निवडेन.

गाडीतला आवाज आणि ऑफिसातला आवाज हे दोन वेगळे शत्रू आहेत

फट नाही, कुशन नवं आहे, तरी बाहेरचं ऐकू येतं, असं असेल तर आपण चुकीच्या आवाजासाठी चुकीचं साधन घेतलंय का ते बघावं लागतं. सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे.

बंद वाटी आणि कुशन वरच्या पट्टीतले आवाज चांगले अडवतात: कीबोर्डची टकटक, कपबशांचा खणखणाट, बोलण्यातले 'स' आणि 'च'. खालच्या पट्टीतली घरघर मात्र त्यांना फारशी अडत नाही. गाडीच्या चाकांची गडगड, विमानाचं इंजिन, बसचं डिझेल हे सगळं खालच्या पट्टीतलं. त्यासाठी नॉइज कॅन्सलिंग असतं: वाटीवरचा माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि हेडफोन त्याच्या उलट आवाज कानात सोडतो. साधारण एक किलोहर्ट्झच्या खाली आणि सतत एकसारख्या चालणाऱ्या आवाजावर ते उत्तम चालतं. त्याचा जन्मही अशाच जागी झाला. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला जाणाऱ्या विमानात सुचली, आणि त्यांच्या कंपनीनं १९८९ मध्ये विमानचालकांसाठी पहिला असा हेडसेट विक्रीला आणला. इंजिनची घरघर घालवायला जन्मलेलं हे तंत्र आहे. पलीकडच्या टेबलावरची कुजबुज घालवायला ते जन्मलेलं नाही.

म्हणून ऑफिसातल्या बोलण्याला कंटाळून ज्यांनी नॉइज कॅन्सलिंगवर पैसे घातले, ते निराश होतात. उलट एसीची घरघर गेल्यामुळे शेजारचं बोलणं त्यांना आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं. बोलण्याविरुद्ध दोनच गोष्टी कामाला येतात. एक, नीट टेकणारं जाड कुशन. दुसरं, अगदी हळू आवाजातली एकसुरी चादर. पावसाचं रेकॉर्डिंग चालतं, मी तानपुरा लावते. शब्द कळेनासे व्हावेत एवढाच तो हवा. बोलणं ऐकू आलं तरी चालतं, कळलं नाही की मन तिकडे ओढलं जात नाही. लिहिताना, हिशेब करताना हा उपाय करून बघाच. (मला स्वतःला तपासणी करताना तो वापरता येत नाही, हेच माझं दुःख. मी कोपऱ्यातलं टेबल मागून घेतलं.)

गाडीत हिशेब उलटा. एसी चेअर कारमध्ये खिडक्या बंद असतात, तिथे नॉइज कॅन्सलिंग पैसे वसूल करून देतं. सेकंड क्लासमध्ये खिडकीशी बसलात तर वारा वाटीवरच्या माइकवर आदळतो आणि हेडफोन तो वाराच कानात भडभड वाजवतो. हा बिघाड नाही. वाऱ्याच्या उलट बाजूला बसा, किंवा त्या वेळेपुरतं नॉइज कॅन्सलिंग बंद करा. लोणावळा मागे पडून गाडी घाट उतरायला लागली, की बोगद्यांत चाकांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झाल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. बोगदा संपल्यावर तो परत कमी करायचं मात्र राहून जातं. मी घाटात ऐकणं थांबवते आणि बाहेर बघते.

व्हॉल्यूमबद्दल मला कळकळीनं सांगायचंय, कारण माझं पोट कानांवर आहे. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, ही अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची मर्यादा. आवाज तीन डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आणखी सावध आहे, मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. फोनवर डेसिबल दिसत नसतील तर घरच्या शांततेत आवाज आरामशीर लावा आणि पट्टीवर ती जागा लक्षात ठेवा. गाडीत तिच्यापेक्षा दोन पायऱ्या वर जावं लागत असेल, तर आवाज वाढवणं हा मार्ग नाही. फट बुजवा किंवा ऐकणं पुढे ढकला. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो दिवस फार मोठ्यानं गेला असं समजा. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

कॉल सुरू झाला की आवाज डब्यात पडल्यासारखा होतो

ब्लूटूथ हेडफोन घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो. गाणं सुरेख चालू असतं, मीटिंग सुरू होते आणि सगळं जुन्या लँडलाइनसारखं ऐकू येतं. हेडफोन बिघडलेला नसतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये ऐकण्याची एक वाट आहे, जिच्यावर आवाज स्टिरिओ आणि चांगला असतो पण माइक नसतो. माइक लागला की जोडणी दुसऱ्या, हँड्स-फ्री वाटेवर जाते, आणि तिथे आवाज मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच. जुन्या पद्धतीत तो ८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आठ हजार वेळा, नोंदला जातो, त्यातल्या त्यात बऱ्या पद्धतीत १६ वर. सीडीवर तो ४४.१ असतो.

उपाय फुकट आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये आवाजाच्या सेटिंगला जा. स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा, पण मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचाच निवडा. जोडणी चांगल्या वाटेवरच राहते. लॅपटॉपचा माइक शेजारचं बोलणंही उचलतो, म्हणून गजबजलेल्या ऑफिसात मी यापुढे जाऊन कॉलरला लावायचा छोटा वायरचा माइक वापरते. विंडोजच्या जुन्या आवृत्तीत तोच हेडफोन यादीत दोनदा दिसतो, एकदा हेडफोन म्हणून आणि एकदा हेडसेट किंवा हँड्स-फ्री म्हणून. चुकून दुसरा निवडला गेला असेल तर गाणीही डब्यातलीच ऐकू येतात.

वायरवाल्यांच्या छोट्या अडचणी

गायकाचा आवाज गायब, फक्त वाद्यं पोकळ ऐकू येतायत? पिन पूर्ण आत गेलेली नाही. अर्धवट बसल्यावर सामाईक तार सुटते, आणि दोन्ही बाजूंना जे सारखं असतं, म्हणजे बहुधा गायक, ते एकमेकांना खाऊन टाकतं. फोनचं जाड कव्हर पिन अडवतं, ते काढून पाहा. जॅकमध्ये खिशातला धागादोरा दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद काढा, सुई घालू नका.

पिनेवर काळ्या रेषा मोजा. दोन असतील तर फक्त ऐकणं, तीन असतील तर माइकही. जुन्या डेस्कटॉपला ऐकण्याचं आणि माइकचं भोक वेगळं असतं, तिथे तीन रेषांच्या पिनेला दोन शेपट्यांची जोडवायर लागते.

फोनला जॅकच नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर घेताना आत डॅक, म्हणजे फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, असलेलाच मागा. अगदी स्वस्त अडॅप्टरमध्ये नुसत्या तारा असतात आणि अनेक फोन त्यांना ओळखत नाहीत. "अडॅप्टर एका फोनला चालतो, दुसऱ्याला नाही" याचं कारण हेच.

घट्ट वाटतो म्हणून लगेच परत करू नका

नवा हेडफोन पहिले काही दिवस आवळतोच. आपल्या डोक्यापेक्षा किंचित रुंद होईल अशी पुस्तकांची चळत करून रात्रभर त्यावर घालून ठेवा. दिवाळी अंकांची चळत बरोबर मापाची होते. एका रात्रीत नाही सैल झाला तर दुसरी रात्र. एकदम फार ताणू नका, कारण पट्टी सैल पडली की जन्मभराची फट. दुखणं टाळूवर असेल तर वजन जास्त आहे किंवा पट्टी फार खाली ओढलेली आहे, एक खाच वाढवा. दुखणं कानाच्या कडेवर असेल तर कुशनचं भोक लहान पडतंय. यावर पुस्तकं उपयोगाची नाहीत, तो हेडफोन तुमच्यासाठी नाही.

मग घ्यायचा कुठला

किमती सणासुदीला खालीवर होतात, म्हणून मी आकडे न सांगता स्वभाव सांगते.

सोनीचा एमडीआर-झेडएक्स११० हा सगळीकडे दिसणारा स्वस्त हेडफोन ऑन-इअर आहे, ३० मिलिमीटरच्या ड्रायव्हरचा. तो कानावर टेकतो, कानाला वेढत नाही. घरी वर्ग ऐकायला ठीक. पण सामाईक ऑफिससाठी मी तो सुचवत नाही, कारण फट त्याच्या रचनेतच आहे.

कमी पैशांत वायरचा आणि टिकाऊ हवा असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स बघा. वजन १९० ग्रॅम, चष्म्यावर फार जड होत नाही. त्याची वायर ३ मीटरची आहे आणि काढता येत नाही, हीच त्याची प्रवासातली डोकेदुखी. गाडीत ती शेजाऱ्याच्या पायात जाते. इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळून वेल्क्रोनं बांधा. मोठ्या कानांच्या माणसांनी आधी घालून बघावा. काढता येणारी वायर हवी तर त्याचाच मोठा भाऊ एम४०एक्स.

बोलण्यापासून खरी सुटका हवी असेल तर झेनहायजरचा एचडी २८० प्रो. बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते, आणि हे बॅटरीशिवाय. त्याची किंमत डोक्याला मोजावी लागते, तो आवळतो. पुस्तकांची चळत याच्यासाठीच.

सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून स्टुडिओंत आहे, दुमडतो, कुशनं सहज मिळतात, आणि बोलण्यातली बारीक चूक तो लपवत नाही. माझ्या कामाचा तोच. त्याचं कुशन मात्र उथळ आहे, आणि वळ्यांची जड वायर एका बाजूला ओढते. बायरडायनामिकच्या डीटी ७७० प्रोचं मखमली कुशन सगळ्यांत सुखाचं, पण तो दुमडत नाही. घेतलाच तर ८० ओहमचा घ्या (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जास्त असेल तर फोनची ताकद कमी पडते). २५० ओहमचा फोनवर दबका वाजतो.

गाडी-विमान जास्त आणि ऑफिस कमी, असं असेल तर नॉइज कॅन्सलिंगवाला सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन मला हलका म्हणून आवडतो, १९२ ग्रॅम. बॅटरी संपली तर वायरची सोय आहे.

कुठलाही मागवला तरी परतीची मुदत डब्यावर लिहून ठेवा आणि पहिल्याच दिवशी पखवाजाची चाचणी करा: नेहमीचा चष्मा लावून, रोजचे केस बांधून, रोजचं कानातलं घालून. मग सलग दोन तास काम करा. त्यानंतर एकदा जबडा हलवून, काहीतरी चावून बघा. डबा खाताना ऐकायची सवय असेल तर फट तेव्हा उघडते.